पंधरा माणसं, २२५ ग्रह आणि पोस्टमन

‘एफ १७ डब्ल्यू २३ डब्ल्यू १०१’.

या धर्तीच्या ओळी १९८०च्या दशकात अमेरिकेतली बरीच माणसं कागदावर लिहून पाकिटात घालत आणि ॲरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल या गावी पाठवत. एफ म्हणजे फ्लीट, डब्ल्यू म्हणजे वर्ल्ड. ओळीचा अर्थ सरळ आहे: माझा १७ नंबरचा ताफा २३ नंबरच्या ग्रहावरून पुढे १०१ नंबरच्या ग्रहावर जाऊ दे. पाठवणाऱ्याला १०१वर काय आहे हे बहुतेक वेळा माहीत नसे. तिथे ओसाड खडक असेल, खाण असेल, किंवा कुणी दबा धरून बसलेला असेल. उत्तर टपालाने यायचं, तेही पुढच्या फेरीचा निकाल छापून झाल्यावर.

खेळाचं नाव ‘स्टारवेब’. फ्लाइंग बफेलो या कंपनीने तो १९७६मध्ये सुरू केला. एका डावात पंधरा खेळाडू, २२५ ग्रह, आणि मध्ये एक संगणक. आज पोस्टाने खेळायचं म्हटलं की लोक हसतात. इंटरनेट नव्हतं म्हणून बिचाऱ्यांनी चालवून घेतलं, असा समज असतो. मला तो अर्धाच खरा वाटतो. पोस्ट ही अडचण होतीच, पण त्या अडचणीच्या पोटात जो खेळ वाढला तो समोरासमोर बसून खेळता आला नसता. तो कसा, ते नीट बघू.

टपालाने खेळणं स्टारवेबच्या कितीतरी आधीचं. बुद्धिबळाचे डाव पत्रांनी चालायचे. एडिनबरा आणि लंडन या शहरांच्या क्लबांमधला पत्रव्यवहारी सामना १८२४ ते १८२८ असा चार वर्षं चालला. बुद्धिबळात मात्र एक सोय आहे: पट दोघांनाही पूर्ण दिसतो. मी माझी चाल कळवली की तुम्ही तुमच्या पटावर सोंगटी हलवता, झालं. तिसऱ्या माणसाची गरज नाही. लपवायचंच काही नाही, तर पंच कशाला?

पंच लागतो तो सगळ्यांनी एकाच वेळी चाल करायची असते तेव्हा. त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने तो तयार केला आणि १९५९मध्ये बाजारात आणला. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता, सात खेळाडू. फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशीब जवळजवळ नाहीच. प्रत्येक जण आपल्या फौजांचे हुकूम गुपचूप कागदावर लिहितो आणि सगळे कागद एकदम उघडतात. सरकारी निविदांची पाकिटं ठरलेल्या वेळी सगळ्यांसमोर फोडतात ना, तसंच: दुसऱ्याने काय भरलंय हे बघून आपला आकडा बदलायची सोय नाही.

याने काय होतं ते एका जागेवर बघा. फ्रान्सची फौज बेल्जियमकडे निघते, जर्मनीचीही निघते. बळ सारखं असेल तर दोघांनाही जागा मिळत नाही, दोघं होते तिथेच राहतात. इंग्लंडचा ताफा उत्तर समुद्रात आहे. तो ज्याला पाठिंबा देईल तो आत जाईल. मग फ्रान्स इंग्लंडला पत्र लिहितो, जर्मनीही लिहितो. इंग्लंड दोघांनाही ‘हो, नक्की’ म्हणून कळवतो. हुकुमाच्या कागदावर त्याने खरं काय लिहिलंय हे पाकिटं फुटेपर्यंत त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. कधीकधी तो दोघांनाही झुलवत ठेवतो आणि बेल्जियमकडे आपणच जायला बघतो.

समोरासमोर बसून डिप्लोमसी खेळताना पंधरा मिनिटं मिळतात, कोपऱ्यात कुजबुज होते, आणि कोण कुणाशी किती वेळ बोलला हे सगळ्यांना दिसतं. पोस्टात ते दिसत नाही. १९६३मध्ये जॉन बोर्डमन यांनी हा खेळ टपालाने चालवायला सुरुवात केली. निकाल कळवायला त्यांनी एक छोटं पत्रक काढलं आणि त्यातून अशा पत्रकांची परंपराच सुरू झाली. चालवणारा माणूस सूत्रधार: तो हुकूम गोळा करतो, निकाल लावतो, सगळ्यांना पाठवतो. कपट करायला आता दोन-तीन आठवडे मिळू लागले. माणसाला दोन-तीन आठवडे मिळाले तर तो काय काय लिहू शकतो, याचा अंदाज ज्यांनी घरातले जमिनीचे वाद पाहिलेत त्यांना असेलच.

तरीही डिप्लोमसीत नकाशा उघडा असतो. कुणाची फौज कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं, लपलेला असतो तो फक्त हेतू. आता पुढची पायरी: नकाशाही लपवला तर? प्रत्येकाला फक्त स्वतःच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच कळलं तर? मग सूत्रधाराला एक निकाल काढून भागत नाही. पंधरा खेळाडूंना पंधरा वेगळे अहवाल द्यावे लागतात, आणि एकाही अहवालात दुसऱ्याची गोष्ट चुकून जाता कामा नये. माणसाने हे हाताने करायचं म्हणजे नोकरी सोडावी लागेल. इथे संगणक आला.

रिक लूमिस अमेरिकी लष्करात होते आणि हवाईमध्ये फोर्ट शाफ्टर इथे त्यांची नेमणूक होती. १९७०मध्ये त्यांनी ‘न्यूक्लिअर डिस्ट्रक्शन’ नावाचा टपाली खेळ सुरू केला. नावाप्रमाणेच क्षेपणास्त्रांचा खेळ, नियम सोपे, मजा सगळी करारमदारांत. खेळाडू वाढत गेले तसं हाताने निकाल लावणं आवाक्याबाहेर जाऊ लागलं. मग त्यांनी भाड्याने संगणकाचा वेळ घेतला आणि स्टीव्ह मॅकग्रेगर यांनी प्रोग्राम लिहिला. लष्करातून बाहेर पडल्यावर लूमिसनी फ्लाइंग बफेलो हा पूर्णवेळ धंदा केला आणि त्यासाठी रेथिऑन ७०४ नावाचा स्वतःचा मिनीकॉम्प्युटर घेतला. हे सगळं सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातलं, घरगुती संगणक बाजारात यायच्या आधीचं. लढाईचे खेळ चालवण्यासाठी एखाद्याने संगणक विकत घ्यावा, ही त्या काळात वेडगळ कल्पना होती. लूमिसची चालली. टपाली खेळांचा म्हणून जो व्यवसाय पुढे उभा राहिला, त्याची सुरुवात तिथून धरतात.

आता स्टारवेबच्या आत शिरू.

डाव सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे एक ग्रह असतो, थोडे ताफे, थोडे कारखाने, खाणी, लोकसंख्या. ग्रह पटाच्या चौकोनांसारखे ओळीत मांडलेले नाहीत. प्रत्येक ग्रह दुसऱ्या काही ग्रहांना जोडलेला असतो आणि कोणता कोणाला जोडलाय हे तिथे गेल्याशिवाय किंवा कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जाळ्याचं टोक तेवढं हातात असतं. त्यामुळे खेळाडूचं पहिलं काम लढाईचं नसतं, नकाशा काढायचं असतं. मोठा कोरा कागद, त्यावर गोल, गोलात आकडा, गोलांना जोडणाऱ्या रेघा. फेरीगणिक रेघा वाढतात आणि एकमेकींना ओलांडू लागतात. मग लक्षात येतं की आपण डावीकडे काढलेला ग्रह खरं तर उजवीकडच्या तिघांच्या मधे असायला हवा होता. पुन्हा नवा कागद.

म्हणून या खेळात माहिती हाच सर्वांत किमती माल. जहाजं नंतर. तुम्ही उत्तरेकडचे वीस ग्रह पाहिलेत, मी दक्षिणेकडचे वीस. आपण याद्यांची अदलाबदल केली तर एकही जहाज न हलवता दोघांचा नकाशा दुप्पट होतो. पण मी यादीतला एक ग्रह गाळला, किंवा एक जोडणी खोटी लिहिली, तर? तुम्हाला ते कळेल, पण तुमचा ताफा तिकडे गेल्यावर, म्हणजे आणखी काही आठवड्यांनी.

कारखाने, खाणी, जहाजबांधणी यांचा हिशेब आजच्या कुठल्याही रणनीतीच्या खेळासारखाच आहे: खाणीतून धातू, धातू कारखान्यात, कारखान्यातून जहाजं. यावर फार वेळ घालवत नाही. स्टारवेबची खरी करामत गुणांच्या पद्धतीत आहे.

सहा भूमिका असतात आणि डाव सुरू होताना खेळाडू त्यांतली एक घेतो. साम्राज्य उभारणाऱ्याला लोकसंख्या, कारखाने आणि खाणी यांचे गुण मिळतात. व्यापाऱ्याला माल वाहून नेण्याचे. चाच्याला ग्रह लुटण्याचे आणि दुसऱ्यांचे ताफे ताब्यात घेण्याचे. प्राचीन वस्तू जमवणाऱ्याला, विश्वात इथे-तिथे विखुरलेल्या त्या वस्तू हाती असल्याचे. धर्मप्रचारकाला लोकांना आपल्या पंथात ओढण्याचे. आणि सहावा बर्सर्कर: माणसं मारणं हेच ज्याचं काम, अशी यंत्रं. ही कल्पना फ्रेड सेबरहेगन या विज्ञानकथालेखकाच्या कथांमधली, त्यांच्या परवानगीने घेतलेली. पुढे त्यांनी या खेळाभोवती एक कादंबरीही लिहिली.

सहा जण सहा वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, याचा परिणाम काय? सगळ्यांना एकच गोष्ट हवी असेल, समजा जमीन, तर तुमचा फायदा तो माझा तोटा. तह झाला तरी तो तात्पुरता, कारण शेवटी तुकडा एकच आहे. पण मला लोकसंख्या हवी आणि तुम्हाला जुन्या वस्तू, तर माझ्या ग्रहावर पडलेली मूर्ती मला धूळ आहे आणि तुम्हाला सोनं. मी ती दिली, तुम्ही बदल्यात माझ्या सीमेवर तीन फेऱ्या पहारा दिलात, दोघंही वर गेलो. व्यापाऱ्याला कारखाने लागतात, साम्राज्यवाल्याला माल आणून देणारा हवाच असतो, त्यांचं जमतं. धर्मप्रचारकाला माणसं जिवंत हवीत, बर्सर्करला मेलेली. त्यांचं जमणं कठीण. म्हणजे शेजारी भेटला की पहिला प्रश्न ‘तुझी ताकद किती?’ असा नसतो, ‘तू कोण?’ असा असतो. आणि त्या प्रश्नाचं उत्तर खरं द्यायचं बंधन कुणावर नाही! बर्सर्कर ‘मी साधा व्यापारी’ म्हणून पत्र लिहू शकतो. काही फेऱ्या ते खपतंही.

एक तिरकस टिप्पणी करून पुढे जातो. आजच्या कितीतरी खेळांत दहा-वीस जमाती असतात आणि त्यांच्यात फरक एवढाच की एकीची जहाजं थोडी वेगवान, दुसरीची थोडी मजबूत. मग सगळ्यांनी एकाच पद्धतीने जिंकायचं. १९७६चा हा कागदी खेळ त्या बाबतीत पुढे होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवट कधी, हे कुणालाच माहीत नाही

आता सर्वांत हुशार नियम. डाव अमुक फेऱ्यांनी संपतो असं ठरलेलं नसतं. कुणीतरी एका ठरावीक गुणसंख्येला पोचलं की डाव संपतो, आणि ती संख्या १,००० ते १०,००० यांच्या दरम्यान कुठेतरी असते. डाव लांब हवा की आटोपशीर, याची पसंती खेळाडूंना आधी कळवता येते. नेमका आकडा मात्र त्यांना सांगत नाहीत.

यात एवढं काय, असं वाटेल. उलट बाजूने विचार करा. समजा डाव बरोबर वीस फेऱ्यांचा आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. विसाव्या फेरीत मी तुम्हाला दगा दिला तर तुम्ही काय करणार? एकविसावी फेरीच नाही, सूड कधी घेणार? म्हणजे विसाव्या फेरीत दगा देणं मला फुकट आहे. हे तुम्हालाही कळतं, तुम्हीही देणार. विसावी फेरी अशी आधीच नासली. मग एकोणिसाव्यात सरळ वागून मला काय मिळणार? पुढच्या फेरीत तुम्ही मारणारच आहात, तर मीच आधी मारतो. एकोणिसावी गेली. मग अठरावी. असं मागे मागे येत, कागदावर तरी, पहिल्या फेरीपासूनच कुणी कुणावर विश्वास ठेवायला नको.

शेवट लपवला की ही साखळी सुरूच होत नाही, कारण ओढायला शेवटची कडी नाही. प्रत्येक फेरीला पुढची फेरी असण्याची शक्यता असते, म्हणून आजच्या दग्याची किंमत उद्या मोजावी लागण्याचीही शक्यता असते. अभ्यासकांनाही हे चांगलं ठाऊक आहे. मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकी प्रोग्रामांची एक स्पर्धा घेतली. दोन प्रोग्राम आमनेसामने, प्रत्येकाने दर वेळी ‘साथ’ किंवा ‘दगा’ निवडायचा. पहिल्या स्पर्धेत एक सामना २०० चालींचा होता. दुसऱ्या स्पर्धेत त्यांनी नियम बदलला: प्रत्येक चालीनंतर सामना संपण्याची छोटीशी शक्यता, त्यामुळे शेवटची चाल कोणती हे धरून डाव टाकता येईना. दोन्ही वेळा जिंकला तो ॲनाटोल रॅपपोर्ट यांनी पाठवलेला अगदी छोटा प्रोग्राम. सुरुवात साथीने करायची, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच करायचं. बस. हे निकाल १९८०मध्ये प्रसिद्ध झाले. स्टारवेबचे खेळाडू तोवर चार वर्षं तेच पाकिटांतून शिकत होते.

अर्थात माणसं म्हणजे प्रोग्राम नव्हेत. आकडा माहीत नसला तरी अंदाज बांधता येतो. फेऱ्या बऱ्याच झाल्या, शेजारी फुगत चाललाय, पत्रांचा सूर जरा जास्तच गोड झालाय, असं दिसलं की हात सीमेवरच्या ताफ्याकडे जायचाच. शिवाय तीच तीच माणसं वेगवेगळ्या डावांत भेटत. एका डावात खाल्लेला दगा दुसऱ्या डावात चुकता करणं अधिकृतपणे शहाणपणाचं नाही, पण व्हायचं. यावर उपाय म्हणून निनावी डावही असत, ज्यांत समोरचा कोण हे कळतच नाही.

पत्रांचं काम संगणक करत नसे हे लक्षात घ्या. फ्लाइंग बफेलोकडे जायचे ते फक्त हुकूम. तह, धमक्या, नकाशांच्या नकला हे सगळं खेळाडू एकमेकांना थेट पाठवत. संगणकाच्या दृष्टीने ‘मैत्री’ म्हणजे एकमेकांवर गोळीबाराचा हुकूम नसणं, एवढंच. वचन मोडलं तर दंड करणारा कुणी नव्हता. फेरी जवळ आली की फोनही व्हायचे, आणि तेव्हाचे लांब पल्ल्याचे कॉल स्वस्त नव्हते. फेरीची फी, पोस्टेज आणि वर फोनचं बिल असा महागडा छंद होता हा. दोन-तीन आठवड्यांची एक फेरी धरली तर वीस फेऱ्यांना जवळपास वर्ष जातं.

आणि संगणकाला दयामाया नाही. १७ लिहायच्या जागी ७१ लिहिलं तर तो फोन करून ‘तुम्हाला १७ म्हणायचं होतं का?’ असं विचारत नाही. मोठा ताफा जागच्या जागी उभा राहतो आणि ज्याच्या मदतीला जायचा होता तो मित्र मरतो. तुम्ही त्याला लिहिता, अहो, आकडा चुकला. तो काय समजायचं ते समजतो. या खेळात चूक आणि दगा बाहेरून सारखेच दिसतात. आकडा मुद्दाम चुकवणारेही असणारच.

याहून मोठी कटकट म्हणजे गळती. महिनोन् महिने चालणाऱ्या डावात माणसं नोकरी बदलतात, लग्न करतात, कंटाळतात. हुकूम यायचे बंद होतात. डिप्लोमसीवाल्यांकडे याला ‘एनएमआर’ असा शब्दच आहे, चाल आली नाही या अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा. त्या माणसाची फौज फेरीभर नुसती उभी राहते. हरायला लागलेला खेळाडूच बहुधा आधी गळतो, आणि त्याच्या बेवारस मुलखाला लागून जो असतो त्याची चांदी होते. ही पद्धतीतली खरी खोट आहे. टपाली खेळांच्या आठवणी काढताना लोक ती सोयीस्करपणे विसरतात.

१९८०च्या दशकात या प्रकाराला बहर आला. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये डझनावारी कंपन्या निघाल्या, ‘पेपर मेहेम’ आणि ‘फ्लॅगशिप’ अशी फक्त टपाली खेळांना वाहिलेली नियतकालिकं निघाली. मग घरोघरी संगणक आले. १९९२मध्ये टिम विसमन यांचा ‘व्हीजीए प्लॅनेट्स’ हा संगणकावरचा खेळ आला: अकरा खेळाडू, पाचशे ग्रह, आणि हुकूम कागदावर नाही तर फायलीत. फाइल मोडेमने किंवा फ्लॉपीने एकाकडे पोचवायची, तो सगळ्यांची एकत्र चालवून निकालाच्या फायली परत धाडणार. सूत्र तेच, पोस्टमन गेला. स्टारवेबही ईमेलवर आला. लूमिस २०१९मध्ये वारले. त्यानंतरही त्यांच्या नावाने सुरू असलेली कंपनी तो खेळ चालवत होती.

करून बघायचं असेल तर

स्टारवेबचा मूळ सांगाडा घरी उभा करणं अवघड आहे, पण डिप्लोमसीचा एक संथ डाव सहज जमतो. सात जण आणि आठवा सूत्रधार. फेरी आठवड्याची ठेवा, रविवारी रात्री नऊपर्यंत हुकूम सूत्रधाराच्या व्हॉट्सॲपवर, निकाल सोमवारी ग्रुपवर. ग्रुपवर वाटाघाटी करायच्या नाहीत, त्या खासगीतच. सूत्रधार खेळात नको, आणि सातांपैकी कुणाचा नवरा किंवा बायको नको. हुकूम आला नाही तर फौज उभी राहणार, कितीही गयावया केली तरी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. लागोपाठ दोनदा चुकला तर त्याच्या जागी कोण बसेल हेही ठरवून ठेवा, कारण गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत कुणीतरी चुकणारच.

आणि शेवटची फेरी सूत्रधाराने एकट्याने ठरवावी. दहा ते अठरा यांमधला एक आकडा चिठ्ठीवर काढायचा, चिठ्ठीचा फोटो स्वतःलाच मेल करून ठेवायचा म्हणजे नंतर तक्रार नको. कुणी ‘साधारण कधी संपेल?’ असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. विचारणाऱ्याच्या शेजाऱ्याला मात्र ‘तो विचारत होता’ एवढं कळवायला नियमाची काही आडकाठी नाही.